आमचा दीपस्तंभ आणि घटस्थापनेचा मुहूर्त

दीपस्तंभावर प्रेम करणाऱ्यांचं मंडळ काढावं तर ते बडोद्यातच, हे माझं ठाम मत आहे. ज्यांच्या दारात समुद्र, ते दीपस्तंभाकडे ढुंकूनही बघत नाहीत. प्रेम करावं ते आमच्यासारख्यांनी! आमच्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत, जहाज एकही नाही. तरीही मी ‘बडोदे विभागीय दीपस्तंभप्रेमी मंडळ’ काढलं, आणि आज आमच्याएवढे सभासद सबंध किनारपट्टीवर कुणाकडे नसतील. छातीठोकपणे सांगतो!

ते काढलं कसं, हे मात्र जरा हळू आवाजात सांगावं लागेल.

त्याचं असं झालं की आमच्या यशश्रीनं लग्न ठरवलं. तिनंच ठरवलं, आम्हाला नुसतं कळवलं. मुलगा पीयूष, तिच्याच ऑफिसातला, मूळचा रत्नागिरीकडचा. वडील जयवंतराव, दीपस्तंभ खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा पहिला फोन आला तेव्हा मी सोफ्यावरून उठून उभाच राहिलो. मी रेल्वेतला, बोलायला कमी नाही. हवापाण्यावर बोललो, आंब्यावर बोललो, गुडघेदुखीवर बोललो. पलीकडून नुसतं “हं” आणि “बरं”. आता हा माणूस फोन ठेवणार असं वाटलं आणि माझी जीभ सुटली.

“जयवंतराव, दीपस्तंभ म्हणजे माझा जीव की प्राण! इथे आमचं मोठं मंडळच आहे. मी संस्थापक-अध्यक्ष!”

पलीकडून आवाज आला, “असं? पितृपक्ष संपला की येतो. घटस्थापनेला, चांगला दिवस आहे. तुमचं मंडळ बघू, मग बोलू.”

समोर आमच्या सौभाग्यवती, सुनंदाबाई, कोथिंबीर निवडत होत्या.

“अहो, तुम्ही दीपस्तंभ पाहिलाय तरी कधी?”

“चित्रात पाहिलाय!”

“आणि मंडळ?”

“काढू की!”

“मंडळ बघू, मग बोलू, असं म्हणालेत ते,” सुनंदा म्हणाली. “पोरीचं लग्न नेऊन त्या दिव्याला टांगलंत तुम्ही!”

आता माघार घेणं शक्य नव्हतं. एकतर नाकाचा प्रश्न, त्यात मुलीचा. मी सभासद शोधायला बाहेर पडलो. रावपुऱ्यातले माझे सगळे मित्र सकाळी सेवउसळीच्या दुकानात सापडतात. तिथे विषय काढला. एकानं विचारलं, “समुद्र कुठाय?” दुसऱ्यानं विचारलं, “जेवण आहे का?” तिसऱ्यानं काहीच विचारलं नाही, माझ्या वाटीत जादा तर्री ओतली आणि कीव आल्यासारखा बघत राहिला. सभासद शून्य!

मग मी डोकं चालवलं. माणसाला हातात काहीतरी दिलं पाहिजे! मांडवीतल्या छापखान्यात जाऊन झकास ओळखपत्रं छापून घेतली. गुळगुळीत, रंगीत, गळ्यात अडकवायला लाल नाडी. मधोमध दीपस्तंभ, त्यातून चहूकडे किरण. खाली आमच्या सोसायटीचं नाव, घटस्थापनेची तारीख, संध्याकाळी सात. आणि जरा भारदस्त वाटावं म्हणून ठळक अक्षरांत, ‘आजीव सभासद, विनामूल्य’.

सोसायटीच्या मैदानाची परवानगी काढायला सेक्रेटरी गजेंद्रभाईंकडे गेलो. वाघोडियाच्या वसाहतीत त्यांचा कारखाना आहे, मन मोठं आहे, आणि माणूस ऐकतो कमी.

“गजेंद्रभाई, घटस्थापनेच्या संध्याकाळी मैदानात मधोमध उंच मनोरा उभा करायचाय. वर फिरता दिवा!”

“वाह, सुभाषभाई! जोरदार आयडिया! आपणी सोसायटीनुं नाम थई जशे! कारखान्यातले ड्रम पाठवून देतो. बस, चारे बाजू जग्या मोकळी ठेवा.”

मी भारावून गेलो. ड्रम आले, एकावर एक रचले, पांढरे-लाल पट्टे ओढले. लांबून बघितलं तर दीपस्तंभ, जवळून बघितलं तर ड्रम. वर मंडपवाल्याकडून आणलेला फिरता दिवा. त्याचा प्लग तेवढा ढिला होता, हातानं दाबून धरला तरच दिवा फिरायचा. म्हटलं, धरू कुणीतरी!

आणि मग चमत्कार झाला. ओळखपत्र गळ्यात घालून मी भाजी आणायला गेलो, तर एक मुलगी स्कूटर थांबवून धावत आली.

“अंकल! आ तमने क्यांथी मळ्युं?”

“माझ्याकडेच मिळतं, बेटा. मीच अध्यक्ष!”

“केटलाना?”

“फुकट! आणि आजीव!”

“आजीव एटले?”

“एटले आखी जिंदगी!”

तिनं किंकाळी मारली. खरंच मारली! भाजीवाल्याच्या हातातून दुधी निसटला. एक मागितलं, मग मैत्रिणींसाठी मूठभर नेली. संध्याकाळी घराबाहेर रांग! दुसऱ्या दिवशी रांग जिन्यावरून खाली! मला पुन्हा मांडवीत जाऊन ओळखपत्रं छापून आणावी लागली. आणि काय ती तरुण पोरांची जिज्ञासा!

“काका, पार्किंग आहे?”

“आहे.”

“चप्पल बाहेर काढायची?”

“काढा, मैदान स्वच्छ राहील.”

“लाइव्ह कोण आहे?”

“मी स्वतः! सुरुवात मी करणार, मग पाहुणे येतील.”

“तुम्ही? वाह, काका! ड्रेसचं काही?”

हा प्रश्न मला फार आवडला. “पांढरा आणि लाल,” मी म्हणालो. “आपले रंग आहेत ते!”

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं! अहो, जन्म बडोद्यात गेला माझा. नवरात्र जवळ आलं की इथली माणसं गरब्याच्या पाससाठी काय वाटेल ते करतात, मंत्र्याची ओळख काढतात, दहा वर्षं न बोललेल्या चुलतभावाला फोन करतात. गळ्यात अडकवायचं रंगीत कार्ड त्या दिवसांत दिसलं, की तो पास! हे सगळं मला ठाऊक होतं. पण घरात आमचं पंचांग मराठी. भिंतीवर लिहिलेलं ‘घटस्थापना’. माझ्या डोळ्यांपुढे परडीतली माती, पेरलेले गहू, अखंड दिवा आणि येणारे व्याही. गरब्याचा विचार एकदा मनात आला होता, नाही असं नाही. म्हटलं, तो नऊनंतर रंगतो. आपलं भाषण आठला आटपेल.

घटस्थापनेला साडेसहाला जयवंतराव आले. उंच, किडकिडीत, अबोल. चहा घेतला, चिवड्याला हात लावला नाही. मी त्यांना घेऊन खाली उतरलो आणि फाटकाशीच आमचे पाय थबकले.

मैदान फुललेलं! नजर पोचेल तिथवर माणसं, आणि एकूण एक पांढऱ्या-लाल कपड्यांत! चणियाचोळ्या, केडियं, आरशांची झगमग, आणि प्रत्येकाच्या गळ्यात माझं ओळखपत्र! मधोमध आमचा दीपस्तंभ, त्याच्या पायाशी कुणीतरी अंबामातेचा फोटो ठेवून हार घातलेला.

“हे सगळे… तुमचे सभासद?” जयवंतरावांचा आवाज कापत होता.

“आजीव!” मी म्हणालो.

व्यासपीठावर चढलो. प्लग गजेंद्रभाईंच्या हातात दिला, दिवा फिरू लागला, मैदानातून जल्लोष उठला. मी सुरुवात केली, “मित्रहो, जगातला पहिला दीपस्तंभ…”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी थांबलो. टाळ्या थांबेनात. नीट ऐकलं तर त्या ठेक्यात होत्या!

“काका, स्टार्ट करो ने!” मागून आवाज आला.

“केलंय की!”

“गावानुं स्टार्ट करो! गाणं!”

मी सुनंदाकडे पाहिलं. तिनं कपाळाला हात लावलेला. यशश्री धावत व्यासपीठापाशी आली. “बाबा, यांना वाटतंय हा गरबा आहे! तू पास वाटलेस, बाबा! आखी जिंदगीचे!”

माझ्या पायांखालचं व्यासपीठ हललं. तेवढ्यात गजेंद्रभाईंनी प्लग माझ्या हातात कोंबला, “सुभाषभाई, तमे आ पकडो!” आणि ढोलवाल्याला खूण केली. ढोल कडाडला आणि सबंध मैदान आमच्या दीपस्तंभाभोवती गोल फिरू लागलं.

जयवंतराव माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. “सुभाषराव, हे काय चाललंय?”

“ही… ही आमच्या मंडळाची प्रथा,” मी घाम पुसत म्हणालो. “वर दिवा फिरतो, खाली सभासद फिरतात.”

“सुभाषराव.”

“हं.”

“हे खरं नाही ना?”

झालं! मी सगळं भडाभडा ओकून टाकलं. मंडळ नाही, सभासद नाहीत, दीपस्तंभ मी फक्त चित्रात पाहिलाय. “माझा खोटेपणा माझ्या पदरात घाला, पण पोरीला त्याची शिक्षा देऊ नका,” असं म्हणत मी मोकळ्या हातानं त्यांचा हात धरला.

आणि मग हा अबोल माणूस हसायला लागला. असा हसला की पोट धरून खाली बसला.

“अहो, मी नकार द्यायला आलो होतो!”

“नकार?”

“सबंध नोकरी त्या दिव्याखाली गेली माझी! खडकावर एकटा. बोलायला माणूस नाही, वारा नुसता घोंघावतोय आणि वर दिवा गरगर फिरतोय. निवृत्त झालो तेव्हा शपथ घेतली, पुन्हा दीपस्तंभाचं नाव काढणार नाही. आणि व्याही मिळतो कोण? दीपस्तंभप्रेमी मंडळाचा अध्यक्ष! म्हटलं, प्रत्येक सणाला हा माणूस मला दिव्यांबद्दल विचारणार. चार दिवस झोप नव्हती मला! पीयूषला सांगणार होतो, दुसरं घर बघ बाबा.”

“मग आता?”

“आता काय, ठरलं! साखरपुडा दसऱ्यानंतर धरा. मुलगी गोड आहे, आणि तुम्ही तर अजिबात दीपस्तंभप्रेमी नाही. आणखी काय हवं?”

एवढं बोलून त्यांनी चपला काढल्या, धोतराचा सोगा खोचला आणि गरब्यात शिरले. पाठोपाठ सुनंदा. पाठोपाठ यशश्री. मी आनंदानं एक पाऊल पुढे टाकलं आणि दिवा विझला!

“काकाऽऽ! लाइट!” सगळं मैदान माझ्यावर ओरडलं. मी घाईघाईनं मागे येऊन प्लग दाबला.

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. दारात तीच स्कूटरवाली मुलगी. “काका, आजे पण सात वागे ने?” नवरात्र नऊ रात्रींचं असतं, आणि सभासद आजीव, हे माझ्या ध्यानात तेव्हा आलं. मंडपवाला म्हणाला, दुसरा दिवा आता दिवाळीनंतर.

जयवंतराव उतरले होते एका दिवसासाठी, राहिले नऊ दिवस. गिरक्या अशा घेतात की पोरं त्यांच्यासोबत फोटो काढतात. मी रोज संध्याकाळी ड्रमांच्या पायाशी स्टुलावर बसतो, प्लग दाबून धरतो. भोवती सगळं गाव नाचत असतं, ढोलापुढे माझं बोलणं कुणाला ऐकू जात नाही, आणि डोक्यावर दिवा गरगर फिरत असतो.

एका गिरकीत जयवंतराव माझ्याजवळून गेले आणि ओरडले, “काय अध्यक्ष, कळलं का आता?”

कळलं हो! पण उठता कुठं येतंय?