नोरीनचं शेवटचं पिल्लू

क्लाइवची बायको नोरीन सोमवारी गेली. गुरुवारी तिला पोचवून आल्यावर क्लाइवच्या ध्यानात आलं, की तिने आणलेलं एकिडनाचं, म्हणजे काटेरी मुंगीखाऊचं, पिल्लू स्वयंपाकघरात तीन दिवस उपाशी आहे. ओंजळीत मावेल एवढं, टोकदार सोंडेचं, काटे नुकते फुटू लागलेलं. अनाथ प्राणी सांभाळणाऱ्या आयलीनबाई शुक्रवारी दुपारी ते न्यायला येणार होत्या. तोवर ते आपल्या हातून मरू नये, एवढीच क्लाइवची इच्छा होती. एका आठवड्यात एक मरण त्याला पुरे झालं होतं.

रस्त्यावर मेलेल्या वॉलबींच्या, म्हणजे छोट्या कांगारूंच्या, पोटावरच्या पिशव्या तपासून नोरीनने जन्मभर पिल्लं वाढवली. क्लाइव फक्त बाटल्या उकळायचा. त्यामुळे पिल्लू म्हटलं की ऊब आणि दर चार तासांनी बाटली, एवढं त्याला पाठ होतं. त्याने पिल्लू नोरीनच्या उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्रा शेगडीजवळ टांगला, आत गरम पाण्याची पिशवी ठेवली. पिल्लाने बाटलीला तोंडच लावलं नाही.

शुक्रवारी सकाळी शेजारचा मर्व आला. दुखवट्याला आलेले केक खाऊन संपवणं त्याने स्वतःकडे घेतलं होतं.

"अंड्यातून निघतं ना हे? मग दाणे टाक."

"दूध पितं रे ते."

"अंडंही घालायचं आणि दूधही पाजायचं? कांगारूने पिशवी धरली, कुत्रीने पोट धरलं. यांनीही काय ते एक ठरवायला नको?"

"आई अंडं पोटावरच्या घडीत ठेवते म्हणे. नोरीन सांगायची. मी कधी नीट ऐकलंच नाही."

काहीतरी करायला हवं म्हणून मर्वने घरून आणखी एक गरम पिशवी आणि लोकरी शाल आणली. दुपारपर्यंत पिल्लाने मान टाकली.

"गेलं रे," मर्व म्हणाला. "चल, पुरून टाकू."

लिंबाच्या झाडाखाली त्यांनी खड्डा खणला. पिल्लू अभ्र्यातच पुरावं असं मर्वचं मत पडलं. पण अभ्र्याला अजून नोरीनचा वास होता. क्लाइवने तो छातीशी धरला आणि पिल्लू तसंच उघडं, ओल्या गार मातीत ठेवलं.

"दोन शब्द बोल," मर्व म्हणाला.

गुरुवारी चर्चमध्ये क्लाइवच्या तोंडून अक्षर फुटलं नव्हतं. आता तो डोळे मिटून बोलत सुटला. "नोरीन, मला नाही गं जमलं. तू सगळं एकटीच करायचीस आणि मी बाटल्या उकळून ऐट मिरवायचो." तो रडला, नाक पुसलं, आणखी बोलला. मर्वही टोपी काढून डोळे मिटून हुंदके देत होता.

डोळे उघडले तर खड्डा रिकामा.

"तू फार लांबवलंस," मर्व म्हणाला.

आयलीनबाई आल्या तेव्हा दोन म्हातारे गुडघ्यांवर बसून चमच्यांनी माती उकरत होते. बाईंनी हात घातला. वीतभर खाली पिल्लू जमीन घट्ट धरून बसलं होतं.

"गार बिळात ठेवलंत? शाबास! उबेने मरतात ही. कोणी सांगितलं तुम्हाला?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पण चार दिवस उपाशी आहे ते," क्लाइव म्हणाला.

"नोरीनने सोमवारी पाजलं होतं ना? मग अजून पोट भरलेलं असेल. काटे टोचायला लागले की आई याला बिळात ठेवून जाते, पाचेक दिवसांनी एकदा येते. आचळं तिला नसतातच. दूध कातडीतून पाझरतं, पिल्लू चाटतं. उद्या तळहातावर दूध घेऊन पाजा, मी दाखवते. इथेच राहू दे हवं तर."

"उद्यापर्यंत काय करायचं?"

"काहीच नाही. ते झोपतं. कोणाची वाट बघत नाही, कोणाची आठवण काढत नाही."

"बरं आहे त्याचं," क्लाइव म्हणाला, आणि मूठमूठ माती परत लोटू लागला.