खांबावरची घडी

नाकतोडेभाऊ भेटले की नमस्कार करत नाहीत. आधी तुमचं डावं मनगट धरतात, उचलून स्वतःच्या कानाला लावतात आणि डोळे मिटून घेतात. नवखा माणूस घाबरतो. त्याला वाटतं, हा कुणी वैद्य असावा आणि आता काहीतरी वाईट सांगणार. पण भाऊ तुमची नाडी बघत नसतात, घडी ऐकत असतात. मग डोळे उघडून निकाल देतात. "चाल मंद आहे. तेल सुकलं हिचं." किंवा, "वा! हिले जपजा." आणि घडी बॅटरीची निघाली तर हात असा सोडून देतात की आपणच काही गुन्हा केला असं वाटावं. "हे का घडी आहे? सलाईनवर टाकलेला माणूस आहे हा!"

माझं ब्रह्मपुरीत औषधाचं दुकान आहे, वर राहायचं घर, आणि दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून नाकतोडेभाऊंचं घर. माझा स्वभाव तिरसट आहे, हे गावाला ठाऊक आहे. खोकल्याचं औषध घ्यायला येऊन जावयाचं कौतुक सांगत बसणाऱ्याला मी बाहेर काढतो. शहाण्यांशी माझं पटत नाही आणि येड्यांशी तर नाहीच नाही. तरी या माणसाशी कसं जमलं, हे माझ्या बायकोला अजून कळलेलं नाही.

भाऊ वनखात्यात गार्ड होते. निम्मी नोकरी धानोऱ्याकडच्या जंगलात काढली. रिटायर होऊन इथं आले ते बायको, दोन ट्रंका आणि एकेचाळीस घड्या घेऊन. सगळ्या मनगटी, सगळ्या चावीच्या. भिंतीला फळ्या ठोकल्या, फळ्यांना खिळे, खिळ्यांना घड्या. त्या भिंतीवर देवालासुद्धा जागा मिळाली नाही. रोज पहाटे पाचला उठून आंघोळ, मग चावी. पाऊण तास लागायचा. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. का, तर "पिळे मोजून द्या लागते. एक जास्त झाला का मेली बिचारी."

शांताबाई, म्हणजे त्यांची बायको, माझ्याकडं रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायच्या. एकदा म्हणाल्या, "भाऊजी, मलेही एक चावी बसवून द्या. मंग तरी हा माणूस रोज हात लावन." मी हसलो, त्याही हसल्या. सहा वर्षांपूर्वी एका पहाटे त्या झोपेतच गेल्या. मोलकरणीनं बोंब मारली म्हणून आम्ही धावत गेलो, तर नाकतोडेभाऊ भिंतीसमोर उभे राहून चावी देत होते. बाई आत पडलेल्या, आणि हा माणूस पुटपुटत पिळे मोजतोय. एकेचाळिसावी होईपर्यंत थांबला नाही. मग आत गेला आणि त्यांच्या पायाशी बसला तो दुपारपर्यंत उठला नाही. गावानं पहिलं तेवढं लक्षात ठेवलं, दुसरं विसरलं. मीही तेच केलं. खोटं कशाला बोलू?

मूलबाळ नाही. नागपूरला एक पुतण्या आहे, तो दिवाळीला मोबाइलवर पणतीचा फोटो पाठवतो.

घड्यांखेरीज भाऊंचा दुसरा नाद खर्ऱ्याचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकमध्ये घासघासून केलेला हा माल म्हणजे आमच्या आणि शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याचं मुख्य अन्न, भाताचा नंबर त्याच्यानंतर. तोंड उघडेनासं झालं तरी लोकांना वाटतं, उन्हानं झालं. भाऊंचंही तसंच झालं. आधी समोसा जाईना, मग चमचा आडवा जाईना. या उन्हाळ्याच्या तोंडाशी ते काउंटरला येऊन म्हणाले, "भाऊ, गालाच्या आत फोड आहे. एक ट्यूब द्या."

मी टॉर्च मारून पाहिलं. फोड नव्हता. पांढरा चट्टा होता आणि मधोमध जखम. आयुष्यभर औषधं विकली, पण त्या दिवशी ट्यूब द्यायला माझा हात धजेना. म्हणालो, "ट्यूब भेटणार नाई. दुकान बंद करतो, डाक्टरकडे चला."

डॉक्टरनं गालाचा तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवला. रिपोर्टला दहा दिवस लागतील म्हणाला. घरी येताना भाऊंनी फक्त एवढंच विचारलं, "दहा म्हणजे आज धरून का उद्यापासून?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मला आपोआप जाग आली. काहीतरी चुकत होतं. मग ध्यानात आलं, मागच्या घरातला दिवाच लागला नव्हता, भाऊ चावी द्यायला उठलेच नव्हते. तिसऱ्या दिवशी भाऊंनी घड्या वाटायला सुरुवात केली. न्हाव्याला एक, भाजीवालीला एक, पोस्टमनला एक, शाळेच्या शिपायाला दोन. मला तीन दिल्या, आणि मी नको म्हणालो तर चौथी दिली. घेणारा खूश व्हायचा, पण त्याला पुढचं माहीत नसायचं. दुसऱ्या दिवशी भाऊ रस्त्यात त्याला गाठून मनगट कानाला लावायचे. "चावी काऊन नाई देल्ली? रात्री जेवले होते ना तुमी? मंग हिनं का उपाशी राहाचं?" भाजीवाली तर त्यांना लांबून पाहिलं की वांगी सोडून आधी चावी द्यायला लागली. शिपायानं एक घडी परत आणून माझ्या काउंटरवर ठेवली. म्हणाला, "काका, तुमीच सांभाळा. मले बायको पुरे आहे."

मी हसत होतो खरा, पण रात्री जेवण जात नव्हतं. हा माणूस आवराआवर करतोय, हे न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो.

सहाव्या दिवशी ते रुमालात गुंडाळून एक घडी घेऊन आले. साधीच होती, पिवळट तबकडीची, स्टीलच्या पट्ट्याची.

"चाळीस देल्ल्या," ते म्हणाले. "हे नाई देऊ शकत. हे माही नाई."

"मंग कोणाची?"

"रैनूची. तो मेला, त्याले एकोणीस साल झाले."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या बीटमध्ये, म्हणजे त्यांना राखायला दिलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, एक गोंडांचं गाव होतं, वीस-बावीस घरांचं. तिथं माणूस गेला की त्याच्या नावानं दगड उभा करतात आणि बाजूच्या लाकडी खांबाला त्याच्या वापरातल्या वस्तू बांधतात. छत्री, लोटा, कुऱ्हाड. पुढं त्याला लागतील म्हणून. एकदा दिल्या की घरचे त्यांना हात लावत नाहीत. रैनूला तेंदूपत्त्याच्या हंगामात कुणीतरी ही घडी दिली होती. तो गेल्यावर ती खांबाला बांधली.

"मी बीटवर चाललो होतो. पाहली. म्हणलं, पान्यापावसात सडून जाईन. वाया जाऊन राह्यली. मंग काढली."

"काढली म्हणजे चोरली."

"हो जी. चोरली." त्यांनी मान खाली घातली. "सगळ्यात मस्त चाल हिचीच आहे."

मी म्हणालो, "तुमाले का वाटते, त्याच्यानं तोंडाले हे झालं?"

ते एकदम उखडले. "मी का येडा आहो? तोंडाले खर्ऱ्यानं झालं! पन आता मेलो तं हे कोणाच्या हाती जाईन? पुतण्या भंगारात देईन. दुसऱ्याची वस्तू आहे, भाऊ. ज्याची त्याले देल्ल्याशिवाय मले मरता येणार नाई."

त्यांना एकट्याला सोडायची माझी छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी बायकोला दुकानात बसवलं आणि आम्ही दोघं म्हातारे निघालो. बसनं गडचिरोली, दुसऱ्या बसनं धानोरा, पुढं जीप, आणि शेवटी कोसभर पायी. सगळ्या वाटेत भाऊंनी एकाचंही मनगट धरलं नाही. शेजारच्या कंडक्टरच्या हातात चांगली जुनी चावीची घडी होती, तिकडंही बघितलं नाही.

गावात सगळ्यांच्या अंगणात मोहफुलं वाळत घातलेली होती. रैनूची बायको सोमारीबाई फुलांतला कचरा निवडत बसली होती. पार वाकलेली म्हातारी, पण डोळे तेज. भाऊंना पाहून ती उठली नाही. म्हणाली, "गारड."

"ओळखलं तुमी?" भाऊ तिच्यासमोर मातीत बसले. रुमाल सोडून घडी पुढं धरली. "बाई, हे मी नेली होती. रैनूच्या खांबावरून."

"मालूम आहे."

"मालूम होतं?"

"सगळ्याईले मालूम होतं. तू हातात घालून येत होता ना."

भाऊंनी पुढं धरलेली घडी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मंग बोलली काऊन नाई?"

म्हातारी हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. "तू गारड," ती म्हणाली. "आमी सरपन आनाले जंगलात जात होतो."

मला तिथं उभं राहवेना. ज्या माणसाला आम्ही गावात येडा म्हणून हसत होतो, त्याला इथं माणसं भीत होती. आपल्या मेलेल्या माणसाची घडी त्याच्या मनगटावर बघत होती आणि रस्ता सोडून बाजूला उभी राहत होती. भाऊंनाही ते आत्ताच कळलं असावं. चेहरा पार उतरला.

"पुन्हा बांधतो," ते म्हणाले. "दगड कुठी आहे दाखवा."

"खांब सडला. दगड आहे."

"मंग दगडावर ठेवतो."

"ठेवशीन. उद्या दुसरा कोनी नेईन."

"तं तुमी ठेवा, बाई. घरात ठेवा."

तिनं हात मागं घेतला. "त्याले देल्ली आहे. आमाले हात लावता येत नाई." मग तिनं भाऊंच्या तोंडाकडं पाहिलं. बोलताना जबडा उघडत नव्हता, ते तिनं हेरलं होतं. "तोंडाले का झालं?"

भाऊंनी खरं ते सांगितलं. तुकडा काढून पाठवला, तीन दिवसांत कळेल, बहुतेक वाचणार नाही.

म्हातारीनं मान हलवली. आवाजात ना शाप होता, ना टोमणा. पाहुण्याला वाट सांगावी तशी म्हणाली, "मंग तू चाललाच ना तिकडे. घेऊन जा. त्याच्या हाती दे."

मग तिनं सुनेला हाक मारून आंबील आणायला सांगितली. भाऊंचं तोंड उघडत नाही म्हणून त्यांच्यासाठी पाणी घालून पातळ केली. भाऊ वाटी तोंडाला लावून रडत रडत प्याले. निघताना त्यांनी तिच्या पायांना हात लावला. तिला ते आवडलं नाही, तिनं पाय ओढून घेतले.

परतीच्या बसमध्ये मात्र माणूस हलका झाला होता. घडीला चावी दिली, ऐकली, खिशात ठेवली. म्हणाले, "भाऊ, मी गेलो का हे माह्या डाव्या हाताले बांधजा. चावी देऊन बांधजा, बंद नको. लोक काढू म्हनतीन."

"आपल्यात अंगावर काही ठेवत नाईत."

"मंग भांडजा. तुमाले भांडता येते."

मी कबूल केलं. भांडायचं कंत्राट मला दुसऱ्या कुणी इतक्या विश्वासानं दिलेलं नाही.

दहाव्या दिवशी रिपोर्ट आला, तो माझ्याच मोबाइलवर. मी तीनदा वाचला आणि दुकान उघडं टाकून मागच्या घराकडं पळालो. या वयात पळालो! दारातूनच ओरडलो, "कॅन्सर नाई! काही नाई! खर्रा सोडा, बाकी काही नाई!" आणि त्यांना मिठी मारली. मी आजवर कुणाला मिठी मारलेली नाही, बायकोला विचारा.

भाऊंनी मला पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. मग ते भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. मला वाटलं, आनंदानं पाय गेले.

"म्हणजे अजून किती साल जगन मी?"

"अहो, पंधरा-वीस साल जगसान! मरायची घाई कायची आहे?"

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. "एकोणीस साल झाले, भाऊ," ते आतून म्हणाले. "तो तिथी आस लावून बसला असन. त्याले मी आता अजून वीस साल बसवून ठेवू?"

मी पेढे आणायला निघालो होतो, तो तसाच उभा राहिलो. म्हणालो, "नका घाबरू. मी शब्द देल्ला आहे ना. जवा जासान तवा बांधीन. भांडून बांधीन."

त्यांनी हात खाली घेतले. डोळे पुसले. माझ्या पिकल्या केसांकडं बघत राहिले.

"तुमचं वय किती, भाऊ?"

"चौऱ्याहत्तर."

"माहं सहासष्ट," ते म्हणाले. बोटांवर काहीतरी जुळवून पाहिलं, आणि मग अगदी हळू आवाजात विचारलं, "मंग बांधन कोन?"

मी खाली, त्यांच्याजवळ जाऊन बसलो.