माझ्या पाठीवरची निळी जन्मखूण

कमरेला खाज सुटली तेव्हा मी सगळ्यात आधी सुनेकडे बघितलं.

कारण उघड होतं. घरात नवीन तीच. (लग्नाला दोन वर्षं झाली, पण माझ्या लेखी दोन वर्षं म्हणजे नवीनच.) येताना तिनं वासाचा साबण आणला, वासाची पावडर आणली, कपड्यांवर टाकायचं वासाचं पाणी आणलं. त्याआधी आमच्या घराला फक्त गरम इस्त्रीचा वास होता. आमचे हे शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागे आम्ही.

आणि त्याच दिवसांत मुलानं नवीन टुमणं लावलं होतं, "आई, आता किल्ल्या हिच्याकडे दे की. किती दिवस सांभाळणार?"

किल्ल्या! अकरा किल्ल्यांचा जुडगा पंचवीस वर्षं माझ्या कमरेला आहे. (त्यातल्या सात किल्ल्यांची कुलुपं आता हयात नाहीत, पण ते मी कुणाला सांगत नाही.) मी चालले की तो वाजतो आणि घर जागच्या जागी नीट होतं. मोठ्या कपाटात साखर, चहा, चांगल्या चादरी आणि बिस्किटांचा डबा. चहाबरोबर माणशी दोन बिस्किटं, तीही मी माझ्या हातानं काढून देणार. तरी डबा लवकर संपायचा. वजनात मारतात म्हणून मी तीन दुकानदार बदलले.

तर कमरेवर उजवीकडे लाल चट्टा उठला, तळहाताएवढा. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण औषधपाणी मला कुणी शिकवू नये. लिंबू चोळलं, मीठ लावलं, टूथपेस्ट फासली, शेवटी ह्यांच्या शिलाई मशीनचं तेलही घातलं. चट्टा ताटलीएवढा झाला.

तेव्हा ठरवलं, कातडीच्या डॉक्टरकडे जायचं आणि सुनेच्या साबणाविरुद्ध लेखी आणायचं. म्हणजे किल्ल्यांचा विषय कायमचा बंद. एवढंच ठरवलं होतं हो मी.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "काय काय लावलंत, मावशी?"

मी सांगितलं. ती लिहीत होती, ती मशीनच्या तेलापाशी थांबली.

"हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतं? मशीनची कुरकुर थांबते त्यानं."

तिनं पेन खाली ठेवलं. "हे कशाच्या तरी स्पर्शानं होतंय. कशाच्या ते शोधू."

"सुनेच्या साबणाच्या. तुम्ही फक्त लिहून द्या."

"आधी टेस्ट," ती म्हणाली.

टेस्ट म्हणजे पाठीवर एक लांब चिकटपट्टी. तिच्यात टिकलीएवढ्या दहा वाट्या, एकाखाली एक. एकीत रबराचं, एकीत रंगाचं, एकीत धातूचं, एकीत वासाचं असं काहीबाही भरलेलं. म्हणजे संशयितांची रांगच! जो गुन्हेगार, त्याच्या वाटीखाली कातडी लाल होणार. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घामाघूम व्हायचं नाही, खाजवायचं नाही. "आणि पट्टीला कुणी हात लावायचा नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही!" अगदी माझ्याच आवाजात म्हणाली. मला आवडली ती.

घरी आले. दुकानाची पायरी चढताना पाठीवर काहीतरी लोंबल्यासारखं वाटलं. पट्टी अर्धी सुटली होती.

"अहो, जरा दाबता का एवढं?"

ह्यांनी चष्मा लावला. वाकून बघितलं. मग म्हणाले, "वाकडी आहे."

"असू द्या वाकडी. दाबा नुसती."

"अगं, डावीकडे पाव इंच खाली आहे. शिंप्याची बायको आणि पाठीवर तिरकी पट्टी? लोक काय म्हणतील?"

मी ओरडेपर्यंत ह्यांनी ती अख्खी काढली, पाठीवर मापाची पट्टी ठेवून निळ्या खडूनं रेघ मारली, आणि रेघेवर ती पुन्हा चिकटवली. "आता कशी शिवल्यासारखी बसली!"

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईनं पट्टी काढली.

"मावशी, ही निळी रेघ कसली?"

"जन्मखूण."

"इतकी सरळ?"

"आमच्या घरात सगळ्यांची सरळच असते."

ती माझ्याकडे बघत राहिली, मी भिंतीकडे. मग तिनं वरून एकेक जागा मोजली, दोन दिवसांनी बोलावून पुन्हा मोजली. आठव्या जागेवर लालभडक. तिनं कागद बघितला. "आठवा म्हणजे वास. सुगंधी वस्तू बंद करा."

मी तो कागद घडी न घालता, रस्त्यानं सगळ्यांना दिसेल असा धरून घरी आणला.

साबण गेला, पावडर गेली, वासाचं पाणी मोरीत ओतलं. सून काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला गुन्ह्याची कबुलीच वाटलं. मुलानं किल्ल्यांचं नाव काढलं नाही. मी जुडगा आणखी घट्ट खोचला.

डॉक्टरीणबाईचं मलम लावलं की चट्टा फिका व्हायचा, मलम संपलं की परत हजर. मला काही कळेना. घरात वासाची वस्तू उरली नव्हती. मग मी ह्यांचं डोक्याचं तेल टाकलं. मुलाला दाढीनंतर काही लावू देईना. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना दारातच हुंगायला लागले. एक बाई माप न देताच निघून गेली. आणि खाज? ती आपली जोमात.

महिन्यानं मी डॉक्टरीणबाईशी भांडायला गेले. ह्यांना बरोबर नेलं. (भांडताना पिशवी धरायला कुणीतरी लागतं.)

"तुमची पट्टी खोटी आहे!" मी दारातूनच सुरू केलं.

तिनं शांतपणे माझी पाठ बघितली. "मावशी, जन्मखूण कुठे गेली?"

मी गप्प. मला गप्प बसलेलं ह्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून घाबरून बोलून गेले, "जन्मखूण कसली, डॉक्टर? माझा खडू तो."

मग सगळं निघालं.

"पुन्हा लावताना वरचं टोक वरच ठेवलंत ना?"

"दोन्ही टोकं सारखीच होती हो," हे म्हणाले. "मी फक्त सरळपणा बघितला."

डॉक्टरीणबाईनं कपाळाला हात लावला आणि कागद उलटा फिरवला. वरून आठवा तो खालून तिसरा. तिसरा म्हणजे वास नव्हेच. निकेल. धातू.

"कमरेला धातूचं काही असतं?"

"छे! मला नाही असल्या नटण्याची हौस," म्हणत मी ताडकन उठले.

आणि जुडगा वाजला.

डॉक्टरीणबाईनं हात पुढे केला. एक किल्ली घेतली, बाटलीतल्या औषधात बुडवलेली कापसाची काडी तिच्यावर घासली. काडी गुलाबी झाली, सुनेच्या पावडरच्या डब्यासारखी.

"हीच ती. कापडी पिशवीत ठेवा, नाहीतर दुसऱ्या कुणाकडे द्या."

पिशवीत? न वाजणारा जुडगा घेऊन मी घरात फिरू? तशी फिरले तर मी आले हे कळणार कुणाला?

दोन दिवस नीट जेवले नाही. सुनेचं सगळं सामान मी फेकलं, ती चकार शब्द बोलली नव्हती, हे आता टोचायला लागलं. कमरेपेक्षा जास्त. माफी मागायची मला सवय नाही, शब्द सापडत नाहीत. म्हणून तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांना मोठ्या कपाटासमोर उभं केलं आणि जुडगा तिच्या हातात ठेवला.

"घे. आजपासून तुझ्याकडे. चुकलं माझं."

"आई, राहू द्या ना तुमच्याकडेच," ती अगदी कळवळून म्हणाली.

"नाही. उघड. बिस्किटं काढ सगळ्यांना."

ती बावरली. जुडगा डाव्या हातात तसाच धरून तिनं कपाटाला खालून गुडघा लावला, उजव्या हातानं कडी वर ओढली, आणि दार उघडलं.

मी दाराकडे बघितलं. मग जुडग्याकडे. मग पुन्हा दाराकडे.

"हे काय?"

मुलगा छताकडे बघत होता. शेवटी हे म्हणाले, "अगं, कुलूप बिघडून नऊ वर्षं झाली. किल्ली फिरते, खटका वाजतो, पण आत काही अडकत नाही."

"आणि मला कुणी बोललं नाही?"

"फिरवताना किती खुश दिसायचीस तू!"

सून डबा घेऊन पुढे आली. "घ्या ना, आई. चार घ्या."

मी डब्यात बघितलं. निम्मा रिकामा. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तिन्ही दुकानदार प्रामाणिक होते, आणि नऊ वर्षं ह्या घरात दोनच बिस्किटं खाणारी मी एकटीच होते.