नको म्हटलेलं घर

शेषराव भिलाईच्या पोलाद प्लांटमधून निवृत्त झाले आणि कंपनीचं क्वार्टर सोडायची वेळ आली. मुलाचं, म्हणजे परागचं, म्हणणं होतं की तिथेच जवळ बोरसीत फ्लॅट घ्यावा. मनकर्णाबाईंनी मात्र उभा जन्म भिलाईतल्या खिडक्यांवरची काळी धूळ पुसली होती. त्यांना समुद्र हवा होता. वेंगुर्ल्याच्या सामंतांचं नवंकोरं घर विकायला आहे असं कळलं आणि रविवारी व्हिडिओ कॉलवर ते पाहायचं ठरलं.

आता घासाघीस हा शेषरावांचा प्रांत. कॅम्प-1 च्या बाजारात त्यांना पाहून दुकानदार सावध होत. वस्तू हातात घ्यायची, नाक मुरडायचं, खाली ठेवायची आणि चालू लागायचं. कोपरा यायच्या आत मागून हाक येणारच, "अरे चाचा, आओ तो!" कूलरपासून लग्नातल्या भांड्यांपर्यंत सगळी खरेदी त्यांनी पाठ फिरवूनच केली होती.

"तू काही बोलू नको," त्यांनी बायकोला बजावलं. "आवडलं असं दिसलं का भाव चढते."

सामंत फोन फिरवत घर दाखवू लागले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसला आणि मनकर्णाबाईंच्या तोंडून निघालंच, "अगं बाई!"

"पाहा," शेषराव घाईने म्हणाले, "खिडकी एवढीशी! बाई घाबरली ना."

"लहान आहे खरी," सामंत ओशाळले.

"अन् हे ग्रिल? जिंदगी लोखंडात गेली माही. खाऱ्या हवेत सडते हे. ओटा ठेंगणा. अंगणात सावली नाही."

"बाबा, अच्छा तो है घर," पराग पुटपुटला. शेषरावांनी त्याला कोपराने ढोसलं आणि ठेवणीतला डाव टाकला.

"नाही जमत, साहेब. राहू द्या."

फोन बंद करून ते खुर्चीत रेलले. "आता पाह्य, येतेच फोन."

फोन आला, पण गॅस सिलिंडरवाल्याचा. शेषराव फोन घेऊन जेवू लागले, फोन घेऊन अंघोळीला जाऊ लागले. लाइन मोकळी राहावी म्हणून नातेवाइकांना दोन शब्दांत कटवू लागले, तर त्यांची तब्येत बिघडल्याची बातमी नागपूरपर्यंत पोचली. ज्याचा यायला हवा त्याचा फोन तेवढा येत नव्हता.

"तुमीच लावा ना," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"काऊन लावू? गिऱ्हाइकानं मागं पाहिलं का डाव गेला."

क्वार्टरची मुदत संपली. बोरसीतल्या भाड्याच्या घरात बिऱ्हाड हललं. तिथल्या खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसे. मनकर्णाबाई तिच्याकडे पाहत भाजी चिरत. त्या भांडल्या असत्या तर शेषरावांना बरं वाटलं असतं.

आणि एका दुपारी फोन वाजला. "वेंगुर्ल्याहून सामंत बोलतोय."

शेषरावांनी विजयी मुद्रेने बायकोकडे पाहिलं आणि कंटाळलेला आवाज काढला. "कोन सामंत?"

"तुमचे आभार मानायचे होते. इतकं स्पष्ट कोणीच बोललं नव्हतं हो. तुमच्या सांगण्यावरून खिडकी मोठी केली, ग्रिल काढून सागवानी गज बसवले, ओटा उंच केला. आता आमची ही म्हणते, विकायचंच नाही."

शेषरावांनी खिडकीतल्या टाकीकडे पाहिलं. बायकोने जन्मात एकच गोष्ट मागितली होती, आणि ती त्यांनी नावं ठेवून ठेवून दुसऱ्याला सुधारून दिली होती.

"तुम्ही दोघं राहायला या ना," सामंत म्हणाले. "चांगले महिनाभर राहा."

"छे छे, आमाले कुठं जमते," शेषराव सवयीने बोलून गेले आणि आग्रहासाठी थांबले.

"बरं, राहिलं," म्हणून सामंतांनी फोन ठेवला.

मनकर्णाबाईंनी नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि तोच नंबर परत लावला.

"सामंत भाऊ, मी मनकर्णा. आमचे हे म्हनतात, जमत नाही. मी एकटी आली तं चालते का?"