जावईबापूंची हुकमी कळ

“आई, तुम्ही फक्त एक कळ दाबायची. बाकी सगळं एडिटर तुम्हाला विचारून करेल!” जावईबापूंनी घोषणा केली. चेहऱ्यावर नदीवर पूल बांधून उतरलेल्या इंजिनिअरचं समाधान होतं.

सासूबाई कोर्टातल्या निवृत्त टंकलेखिका. तीस वर्षांच्या आठवणींचं पुस्तक होत आलं होतं. शेवटचा परिच्छेद तेवढा वहीतून टाइप करायचा आणि तीनच्या आत मजकूर छापखान्यात पाठवायचा. नाहीतर छपाई दोन महिने पुढे! त्यात जुन्या वरिष्ठांचा निरोप आला, ‘मला साहेब म्हणू नका, न्यायाधीश म्हणा.’ साहेब तर पानोपानी बसलेले!

जावईबापू प्रोग्रामर. घरातला एडिटर, म्हणजे संगणकावर मजकूर लिहायचा प्रोग्राम, त्यांनीच आणलेला. त्याला लिस्प नावाच्या भाषेत नवे हुकूम शिकवता येतात. त्यांनी कंसात कंस, त्यात आणखी कंस खुपसून शब्द बदलणारं एक फंक्शन, म्हणजे नवा हुकूम, रचलं, एफ-आठ कळीला बांधलं आणि कळ दाबली. एडिटर ढिम्म!

“‘इंटरॲक्टिव्ह’ ही ओळ राहिली, आई. ती नसली की फंक्शन असतं, पण हाकेला येत नाही.”

“म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं.”

कोपऱ्यातल्या वर्तमानपत्रामागून कोणीही ओ दिली नाही.

ओळ घालेपर्यंत दोन वाजले. आता कळ दाबली की स्क्रीनच्या तळाशी दोन प्रश्न येणार होते : कोणता शब्द बदलू? आणि त्याऐवजी काय घालू? जावईबापू कृतार्थ होऊन चहा टाकायला गेले.

टाइप करताना स्क्रीनकडे बघणं सासूबाई कमीपणाचं मानत. नजर वहीत, बोटं चौखूर. त्यांनी कळ दाबली, वाकून पहिला प्रश्न वाचला, ‘साहेब’ असं उत्तर दिलं आणि डोकं वहीत घातलं. दुसरा प्रश्न तळाशी ताटकळत उभा! सासूबाईंनी अख्खा शेवटचा परिच्छेद त्याच्याच घशात ओतला आणि ठणकावून एंटर मारलं.

जावईबापू चहा घेऊन आले. कप टेबलावर ठेवून स्क्रीन वाचू लागले. ‘सकाळी बरोबर दहाला कपाटामागे उंदरीण व्याली आणि सातही पिल्लांना मी माझ्या खणात आसरा दिला. खुर्चीत बसले.’ पुढच्या ओळीतही ‘साहेब’च्या जागी तीच उंदरीण. दोनशे चौदा साहेब, दोनशे चौदा बाळंतपणं!

“आई, काय केलंत हे?”

“विचारलं, सांगितलं!”

“अहो, ते दोनदा विचारतं!”

“पहिल्यांदाच स्पष्ट बोलले होते मी. मला उलटतपासणी चालणार नाही!”

जावईबापूंनी घाम पुसत केलेलं मागे घेणारी कळ दाबली. सगळे उंदीर एका फटक्यात बिळात, साहेब जागेवर. सासूबाईंनी परिच्छेद मिनिटभरात पुन्हा बडवला. तीनला वीस कमी!

तेवढ्यात सासूबाईंची लेक डोकावली. तिने वरच्या मेन्यूतलं ‘शोधा आणि बदला’ उघडलं, दोन शब्द टाइप केले. साहेबांचे न्यायाधीश झाले.

“हे... आधीपासून होतं?” जावईबापूंनी विचारलं.

“तू एडिटर आणलास त्या दिवसापासून. मेन्यू बघायला तुला कमीपणा वाटतो ना!”

मजकूर वेळेत गेला. जावईबापू गुपचूप एफ-आठवरचा हुकूम पुसायला बसले.

“राहू द्या हो तो,” सासूबाई म्हणाल्या. “या घरात काही करायच्या आधी मला विचारणारं तेवढंच एक आहे!”