बिनकिल्लीचे किल्लीकाका

रविवारी सकाळी चर्चच्या पायरीवर उभं राहून किल्लीकाकांनी कोटाचा उजवा खिसा पुन्हा एकदा उलटा केला. मग डावा. मग आतला, जो शिंप्याने नुसता दाखवायला ठेवलेला होता. हातरुमाल निघाला, चष्म्याचं घर निघालं, खोकल्याच्या गोळ्या निघाल्या. किल्ली काही निघाली नाही.

"आत्ता तर इथेच होती," काका कुलपाला म्हणाले.

बोलून गेले आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. काकांनी सगळी नोकरी बसमध्ये तिकीट तपासण्यात घालवली होती. विनातिकीट सापडलेला माणूस नेमकं हेच म्हणायचा, असेच खिसे उलटे करायचा, आणि काकांनी आयुष्यात एकावरही विश्वास ठेवला नव्हता.

घर तर पहाटेच उलथंपालथं करून झालं होतं. आता समोर होतं ते पितळेचं थोराड कुलूप. लावताना नुसतं दाबलं की खटकन बसणारं, पण उघडायला किल्लीच मागणारं. काल संध्याकाळी झाडलोट करून काकांनी ते स्वतःच्या हातांनी दाबलं होतं.

किल्ली हरवणं एवढ्यावर भागलं असतं, तर काकांच्या तोंडचं पाणी पळालं नसतं. पण मागच्या वार्षिक सभेत सूरबाईंनी विषय काढला होता. सूरबाई शाळेत गाणं शिकवत आणि रविवारी उपासनेत पेटी वाजवत. "काकांचं आता वय झालं. थंडीवाऱ्यात सगळ्यांच्या आधी त्यांनीच का यावं? किल्ली कुणा तरुणाकडे द्यावी," असं त्या म्हणाल्या. म्हणाल्या मायेनंच, पण काकांना ते इंजेक्शनसारखं टोचलं. ते ताडकन उभे राहिले आणि भर सभेत बोलून बसले, "माझ्या हातून एका रविवारी जरी दार उघडायचं राहिलं, तर त्याच दिवशी किल्ली तुमच्या हवाली करीन!"

ही किल्ली काकांना एकट्यांना मिळालेली नव्हती. ती काका आणि काकू, दोघांना मिळून मिळाली होती. काका झाडायचे, काकू बाकं पुसायच्या. काकू गेल्यापासून काका दोन्ही कामं करत, आणि सोमवार उजाडला की शनिवारची वाट बघायला लागत. किल्ली गेली तर शनिवारी जायचं कुठे, हे काकांना माहीत नव्हतं.

"काका, दार अजून बंद?"

नर्सताई आल्या होत्या. रात्रपाळी संपवून त्या दवाखान्यातून थेट चर्चला येत आणि तरीही सगळ्यांत आधी पोचत.

"आज उपासना अंगणात आहे," काकांच्या तोंडून निघून गेलं.

"अंगणात? कुणी ठरवलं?"

"पाळकसाहेबांची इच्छा!"

नर्सताईंनी काकांच्या बाहेर लोंबणाऱ्या खिशांकडे पाहिलं, मग कुलपाकडे पाहिलं आणि पर्स पोटाशी घट्ट धरली. "छान कल्पना आहे," त्या म्हणाल्या. "हवाही मोकळी आहे."

तेवढ्यात फाटकाशी पाळकसाहेबांची सायकल दिसली. नर्सताईंशी त्यांची गाठ पडायच्या आत काका धावले. "साहेब, मंडळींची फार इच्छा आहे, आज उपासना अंगणात व्हावी!"

पाळकसाहेब तरुण, सज्जन आणि कुठलाही निर्णय उद्यावर टाकणारे. भिंतीला कुठला रंग द्यायचा याचा विचार ते गेल्या वर्षापासून करत होते, आणि भिंत तशीच होती. ते आज मात्र कुलपाकडे एकदा बघून लगेच म्हणाले, "अंगणात? उत्तम! अगदी उत्तम!" काकांना तिथेच शंका यायला हवी होती. पण विनातिकीट माणसाला समोरचा तपासनीस सोडून काही दिसत नाही.

उपासनेनंतरच्या चहासाठी पाव घेऊन बेकरीवाले आले. "अंगणात? अहो, पण बाकं आत आहेत ना!" ते मोठ्यांदा म्हणाले. नर्सताईंचं कोपर त्यांच्या बरगडीत बसलं. बेकरीवाल्यांनी एकदा काकांकडे पाहिलं आणि त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, अर्ध्या वाटेवरून परत आला. "म्हणजे, बाकं आतच बरी. त्यांनाही एखादा रविवार सुट्टी नको का? मी दुकानातून खोकी आणतो." आणि ते पावाची रिकामी खोकी आणायला गेले.

मग कुलूपवाला आला. हा चर्चच्याच मंडळीतला. तो दिसताच काकांच्या जिवात जीव आला. त्यांनी त्याला कुंपणाआड ओढलं. "अरे, किल्ली हरवलीय. कुणाला बोलू नकोस. पटकन उघडून दे, सगळ्यांना आत घेऊ. सांगू, अंगणात ऊन फार झालं."

कुलूपवाल्याचा चेहरा पडला. "हत्यारं दुकानात आहेत, काका."

"मग आण जा!"

"दुकानाची किल्ली बायकोकडे आहे आणि बायको माहेरी." त्याने घाम पुसला, तोंड उघडलं, मिटलं. "काका, खरं म्हणजे... पण नाही, मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"तेच तर सांगता येत नाही!" असं म्हणून तो खोकी उतरवायला पळाला.

उपासना सुरू झाली. पेटी आत कुलपात होती, त्यामुळे सूरबाईंनी सूर अंदाजाने धरला आणि अंदाज बराच वर गेला. पहिल्या कडव्याला सगळे होते. दुसऱ्याला पुरुष गळाले. तिसऱ्या कडव्यात शेवटची ओळ गाठायला सूरबाई एकट्या चवड्यांवर उभ्या होत्या आणि रस्त्यावरचा एक कुत्रा त्यांना मनापासून साथ देत होता. मंडळी जमेल तिथे टाळी देत राहिली. हसलं मात्र कुणीच नाही. एक खोकं बेकरीवाल्यांच्या वजनाने मोडलं, तेव्हासुद्धा सगळ्यांनी डोळे मिटून घेतले आणि ते प्रार्थनेतच आहेत असं दाखवलं.

पाळकसाहेबांचं तर फारच अवघड झालं. त्यांनी आठवडाभर तयार केलेल्या प्रवचनाचा विषय नेमका 'दार' हाच होता. ते उभे राहिले, काकांकडे पाहिलं आणि विषय शेजारून न्यायला लागले. "बंधूभगिनींनो, आपल्या प्रत्येकाच्या घराला एक... एक असतं. त्यातून आपण आत येतो. ते कधी उघडं असतं, तर कधी... तसं नसतं." पुढे जवळजवळ सगळं प्रवचन त्यांनी खिडकीवर दिलं.

काका मागच्या खोक्यावर बसून हे ऐकत होते. आपली बतावणी निभतेय याचा त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण तो होत नव्हता. समोरची ही सगळी भाबडी माणसं आपल्या एका थापेवर विश्वास ठेवून उन्हात पावाच्या खोक्यांवर बसली आहेत, आणि आपण आयुष्यभर दुसऱ्यांची थाप पकडत हिंडलो, या विचाराने त्यांना मान वर करवेना.

इतक्यात फाटकातून काठी टेकत आजी आल्या. मंडळीत सर्वांत वडील. आजींना डोळ्यांनी फारसं दिसत नसे, पण चर्चची वाट पायांना पाठ होती. अंगणातली माणसं, खोकी, कुत्रा, सगळ्यांना ओलांडून त्या सरळ दारापाशी गेल्या, हात पुढे केला आणि हाताला कुलूप लागलं.

"हे काय? कुलूप?" आजी मोठ्यांदा म्हणाल्या. "सगळे कुठे गेले? अरे किल्लीवाल्या, दार उघड की!"

काका उठले. टोपी काढून हातात घेतली.

"मंडळी, मला एक कबूल करायचंय," ते म्हणाले. "उपासना अंगणात घ्यायची इच्छा पाळकसाहेबांची नव्हती. तुमचीही नव्हती. खरी गोष्ट अशी आहे की..."

"सापडली!" नर्सताई फुलाच्या कुंडीमागून ओरडल्या.

"सापडली!" त्याच क्षणी मोडक्या खोक्याखालून बेकरीवाल्यांचा हात वर आला.

"सापडली, सापडली!" पायरीशेजारच्या गवतातून पाळकसाहेब उठले. त्यांच्या गुडघ्यांना माती लागली होती.

तिघांच्या हातांत तीन किल्ल्या होत्या. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघांचेही हात हळूहळू खाली आले.

काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "काय सापडलं?"

"किल्ली," नर्सताई बारीक आवाजात म्हणाल्या.

"पण किल्ली हरवली हे मी तुम्हाला सांगितलंच नाही."

"मी नाही हो सांगितलं!" कुलूपवाला कळवळून म्हणाला.

इतक्या वर्षांची सवय काकांच्या अंगात जागी झाली. त्यांनी कोट खाली ओढला, पाठ ताठ केली आणि बसच्या मधल्या वाटेतून फिरावं तसे ते खोक्यांच्या रांगेतून फिरू लागले. प्रत्येकासमोर थांबायचे, हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "दाखवा."

नर्सताईंनी दाखवली. बेकरीवाल्यांनी दाखवली. पाळकसाहेबांनी शाळेतल्या मुलासारखी दाखवली. सूरबाईंनी गाण्याच्या वहीतून काढून दाखवली, लाल दोरीला बांधलेली. मागच्या रांगेतल्या मंडळींनी न विचारताच काढून हातात धरल्या होत्या. कुलूपवाल्यासमोर काका बराच वेळ उभे राहिले.

"माझ्याकडे नाही, काका. मी फक्त केल्या. कुलूप माझ्याच दुकानातलं, साचा होताच," तो म्हणाला. "मागे तुम्ही आजारी पडलात ना, तेव्हा एकेक जण गुपचूप दुकानात आला. प्रत्येकाचं म्हणणं एकच. काका एखाद्या रविवारी यायचे राहिले, तर कुणाला कळायच्या आत दार उघडं असावं. पण काकांकडे किल्ली मागायची नाही, त्यांना वाईट वाटेल. आणि प्रत्येकाने मला शपथ घातली, बाकीच्यांना सांगू नकोस म्हणून. माझं पोट फुगलंय हो, काका!"

"मग सकाळपासून उघडलं का नाही कुणी?"

सगळे आपापल्या हातातल्या किल्लीकडे बघू लागले. शेवटी नर्सताई म्हणाल्या, "तुमच्यासमोर कसं उघडणार?"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्यांनी हातरुमाल शोधला, तोही आता सापडेना. "म्हणजे अख्ख्या गाडीत," ते म्हणाले, "विनातिकीट मी एकटाच."

मग ते सूरबाईंकडे वळले. "मी शब्द दिला होता. आज दार उघडायचं राहिलं. किल्ली आता तुमची."

"माझ्याकडे आहे ना एक," सूरबाई लाल दोरी दाखवत म्हणाल्या. "आणखी घेऊन काय करू? आणि उपासना अजून कुठे संपलीय? वेळ गेलेली नाही, उघडा तुम्ही."

"अरे, उघडताय की मी इथेच उभी राहू?" दारापाशी उभ्या आजी ओरडल्या. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि आतून किल्ली काढली. ती हातात सारखी धरून धरून गुळगुळीत झालेली होती.

काका थक्कच झाले. "आजी, तुम्हीसुद्धा? पण तुम्हाला तर कुलपाचं भोकही दिसत नाही!"

"मला कशाला दिसायला हवं? ती उशाखाली असते. रात्री हाताला लागली की तुझ्यासाठी प्रार्थना करायची आठवण राहते," आजी म्हणाल्या. "घे. आणि लवकर उघड, माझे पाय दुखतात."

काकांनी आजींची किल्ली कुलपात घातली. पहिल्याच फिरकीला कुलूप उघडलं.

मंडळी आत शिरली. सूरबाईंनी पेटी उघडून खरा सूर कुठे होता ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. काका नेहमीसारखे खिडकीलगतच्या बाकाकडे गेले. ती काकूंची जागा. शनिवारी झाडलोट झाली की काका तिथे टेकत आणि आठवड्याचं सगळं काकूंना सांगत. काल सांगण्यासारखं बरंच होतं. बाकावर, काकू जिथे पर्स ठेवत नेमकं तिथे, काकांची किल्ली पडली होती.

ती त्यांनी खिशात टाकली. कुणाला दाखवली नाही, पण सगळ्यांनी पाहिली.

चहाच्या वेळी एकेक जण संकोचून काकांपाशी येऊ लागला आणि किल्ली पुढे करू लागला. "तुमच्याकडेच असू द्या, काका. उगाच आमच्याकडे..."

"ठेवा, ठेवा," काका पाव चहात बुडवत म्हणाले. "मी काही तरणा होत नाहीये. फक्त एक करा. पुढच्या वेळी हरवली, तर सापडायची पाळी आधी ठरवून घ्या."

आजींची किल्ली मात्र त्यांनी स्वतः परत नेऊन दिली आणि रुमालात नीट गाठ मारून दिली.

पुढच्या रविवारी काकांना निघायला थोडा उशीर झाला. लांबूनच दिसलं, बेकरीच्या कोपऱ्यावर सगळे उभे होते. पाळकसाहेब सायकलच्या चाकात हवा आहे का बघत होते, नर्सताई बंद दुकानातले पाव निरखत होत्या, सूरबाई आभाळ बघत होत्या. सगळ्यांच्या खिशात किल्ली होती आणि दाराकडे एकही जात नव्हता. काकांनी पावलं उचलली, त्यांच्यासमोरून ओळख न दाखवता गेले, पायरी चढले आणि कुलूप उघडलं.

"या आता," ते वळून म्हणाले, "दार उघडंय."