सर्जेरावांच्या पोटाचं औषध

एका जंगलात, जिथे वाघ हल्ली फक्त भाषणापुरता येत असे, ओढ्याकाठी एक गुत्ता होता. मुलांनो, तुम्ही दारू पिऊ नका. गोष्ट ऐकायला मात्र हरकत नाही.

गुत्ता तात्या उदमांजराचा. तिथे दोनच पेयं मिळत, काळी रम आणि पांढरी जिन. रम नरांची, जिन माद्यांची. असं का, ते कुणी विचारलं नव्हतं. रम घशाला चरचरते आणि जिनमध्ये लिंबाची चकती तरंगते, एवढं कारण सगळ्यांना पुरत असे. तात्याही काही विचारत नसे. नर आला की रम ओतायचा, मादी आली की जिन.

गव्यांच्या कळपाचे पुढारी सर्जेराव रोज संध्याकाळी तिथे येत. अंगाने टेकडीएवढे. पण त्यांना रम सोसत नसे. पहिल्या घोटालाच डोळ्यांत पाणी यायचं. ते बघून बाकीचे गवे म्हणायचे, "कळपाच्या काळजीने अण्णा किती हळवे झालेत."

एकदा गुत्त्यात फार गर्दी होती, म्हणून गोदाक्का अस्वलीण सर्जेरावांच्या दगडापाशी येऊन बसली. गोदाक्का एकटी राहायची आणि तोंडावर बोलायची. तात्याने तिच्यापुढे जिन ठेवली. तिने वास घेतला आणि पेला दूर सारला.

"काय झालं?" सर्जेरावांनी विचारलं.

"हे पाणी आहे हो. मी काय तहान भागवायला आले?"

सर्जेरावांनी इकडेतिकडे बघितलं आणि तो पेला हळूच ओढून एक घोट घेतला. तापल्या कपाळावर कुणी गार हात ठेवावा तसं त्यांना वाटलं.

"अक्का, माझी रम घेता का?"

"मी मघापासून तिच्याकडेच बघतेय."

मग दोघं रोज एकाच दगडापाशी बसू लागली. तात्याची पाठ वळली की पेले बदलायचे. पेल्यांबरोबर बोलणंही सुरू झालं. ढग गडगडले की आपल्याला अजून भीती वाटते, हे सर्जेरावांनी कळपात कुणाला सांगितलं नव्हतं. गोदाक्काला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "मलाही वाटते. मी गुहेत जाऊन मोठ्याने गाते."

अशातच कळपाची निवडणूक आली. सर्जेरावांचा पुतण्या उधाजी त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. एका संध्याकाळी तो भर गुत्त्यात त्यांच्याजवळ आला आणि नाक फेंदारून म्हणाला, "काका, तुमच्या तोंडाला लिंबाचा वास येतोय."

जिन पिणारा गवा कळपाचं रक्षण कसं करणार, असा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर उमटला.

"येणारच," गोदाक्का म्हणाली. "जिन ते पितात, रम मी पिते. ज्याला जे आवडतं ते. यात वास घेत फिरण्यासारखं काय आहे?"

सगळे सर्जेरावांकडे बघू लागले. त्यांना नुसतं 'हो' म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं. पण समोर उधाजीची रुंद छाती दिसत होती.

"वैद्यांनी सांगितलंय," ते खाकरून म्हणाले. "पोटासाठी. औषध आहे ते. रम सोडताना काय यातना झाल्या, माझं मला माहीत."

"आणि या बाई?"

सर्जेराव ओढ्याकडे बघत म्हणाले, "त्यांचं मला काय ठाऊक? माझा पेला उचलायच्या खऱ्या."

गोदाक्का उठली. "पोटाला जपा," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. बाई असून रम पिते, म्हणून गुत्त्याने तिच्यावर बंदी घातली.

सर्जेराव भरघोस मतांनी निवडून आले. आजारी असूनही कळपासाठी झटतात, याचं सर्वांना कौतुक वाटलं.

दुसऱ्याच दिवशी उधाजीचं पोट दुखू लागलं. पाठोपाठ सगळ्या गव्यांचं. मग सांबरांचं, रानडुकरांचं. तात्याने जिनच्या मडक्यावर दोन शिंगं रंगवली आणि पेले दुप्पट जड केले. पावसाळा येईपर्यंत जिन म्हणजे मर्दाचं पेय ठरलं. ज्याचं पोट दुखत नाही त्याला दुबळा समजू लागले.

आता रम पडून राहिली. तेव्हा तात्या सांगू लागला, की रम मुळात गुळाची, स्वभावाने गोड, माद्यांच्या नाजूक प्रकृतीला मानवणारी. हरिणी ती चवीचवीने पिऊ लागल्या. गोदाक्काचं वागणं आता रीतसर झालं होतं, तेव्हा बंदी उठली आणि तिला निरोप गेला.

ती आली. तात्याने न विचारता रम ओतली. सर्जेराव लगबगीने पुढे झाले.

"अक्का, बघा, सगळं सुरळीत झालं की नाही? तुम्ही तुमचं प्या, मी माझं पितो. चोरून काही नाही."

"खरं आहे," गोदाक्का म्हणाली. "आता एका दगडापाशी बसायचं कारणच उरलं नाही."

तिने पेला उचलला आणि ओढ्यापलीकडे जाऊन बसली.

सर्जेराव कळपात परतले. तिथे पोटाच्या विकारांवर चर्चा चालली होती आणि अध्यक्षस्थान त्यांच्यासाठी मोकळं ठेवलं होतं.

तात्पर्य : मुलांनो, आपल्याला काय आवडतं ते कधी सांगू नये, काय दुखतं तेवढंच सांगावं. आवड असली की चौकशी होते, आजार असला की निवडून येता येतं. मात्र खरं बोलणारी एखादी मैत्रीण जवळ असू द्यावी. बंदी घालायला कुणीतरी लागतंच.